तेराही राज्यांचं ‘हो’ हवं, या अटीतून अमेरिका बाहेर कशी पडली : फिलाडेल्फिया, १७८७

अमेरिकेची राज्यघटना शिकवताना बहुतेक वेळा सुरुवात स्वातंत्र्य, हक्क, लोकशाही अशा मोठ्या शब्दांनी होते. मी वर्गात हे प्रकरण घेतो तेव्हा मुद्दाम मोजणीपासून सुरू करतो. ठराव पास व्हायला किती मतं लागणार, मत कुणाचं, राज्याचं की माणसाचं, आणि माणूस म्हणून कुणाला धरायचं. १७८७ च्या उन्हाळ्यात ही घटना लिहायला राज्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले, तिथे चार महिने जी भांडणं झाली ती जवळजवळ सगळी या तीन प्रश्नांवर येऊन थांबतात, आणि चांगलं काय झालं, वाईट काय झालं तेही याच तीन प्रश्नांतून कळतं.

पार्श्वभूमी

३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये तह झाला आणि ब्रिटनने तेरा राज्यांचं स्वातंत्र्य कागदावर मान्य केलं. लढाई जिंकली खरी, पण देश चालवायला हातात होता फक्त राज्याराज्यांतला एक करारनामा. काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो १७७७ मध्ये मंजूर केला होता आणि सगळ्यात शेवटी मेरीलँड तयार झालं तेव्हा कुठे, म्हणजे १ मार्च १७८१ ला, तो लागू झाला. त्यात केंद्र म्हणजे नुसती काँग्रेस. राष्ट्राध्यक्ष नाही, देशपातळीवरची न्यायव्यवस्था नाही, आणि कर बसवायचा अधिकार तर अजिबात नाही. पैसे लागले की काँग्रेसने राज्यांकडे मागणी पाठवायची, राज्यांनी जमेल तसं द्यायचं, आणि नाही दिलं तर गप्प बसायचं.

मत प्रत्येक राज्याला एक, मग ते व्हर्जिनिया असो की डेलावेअर. मोठ्या विषयांना ९ राज्यं लागायची, आणि करारनाम्यातच काही बदलायचं असेल तर तेराच्या तेरा विधिमंडळांची मंजुरी. ही शेवटची अट लक्षात ठेवा, कारण घोडं सारखं तिथेच अडत होतं.

१७८१ मध्ये काँग्रेसने सुचवलं की आयात मालावर ५ टक्के जकात घेऊ द्या, त्यातून युद्धाचं कर्ज फेडू. बाकीची राज्यं हळूहळू तयार होत होती, १७८२ मध्ये ऱ्होड आयलंड नाही म्हणालं आणि विषय संपला. १७८३ मध्ये परत थोडा बदलून तोच प्रस्ताव आणला, त्याचं भिजत घोंगडं तीन वर्षं पडलं, आणि १७८६ मध्ये न्यूयॉर्कने अशा अटी घातल्या की तोही गेला. न्यूयॉर्कचं बंदर मोठं, जकातीचा पैसा तिथेच जमा होत होता, तो केंद्राला द्यायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांच्या बाजूने बघितलं तर यात वेडेपणा काहीच नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न कुणाला समजावून सुटणारा नव्हता.

अडचण नेमकी काय होती

जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या काही शे सैनिकांनी फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसला वेढा घातला. काँग्रेस आत बसलेली. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया सरकारला सांगितलं की तुमची पलटण बोलवा आणि यांना हटवा, तर त्यांनी नकार दिला. शेवटी काँग्रेसनेच शहर सोडलं आणि प्रिन्स्टनला जाऊन बसली. ज्या देशाने नुकतंच ब्रिटिश साम्राज्याला हरवलं होतं त्याच्या केंद्र सरकारला स्वतःच्या दारातले शिपाई हटवता येत नव्हते! चार वर्षांनी घटना लिहिली गेली ती याच इमारतीत.

मग १७८६ चा पावसाळा संपता संपता पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी उठले. राज्याने कर रोखीत भरा म्हणून सक्ती केली होती, लोकांकडे रोख नव्हती, जमिनी जप्त होत होत्या, माणसं कर्जापायी तुरुंगात जात होती. शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडायला सुरुवात केली म्हणजे जप्तीचे हुकूमच निघणार नाहीत. पुढाऱ्यांपैकी एक डॅनियल शेज, क्रांतियुद्धात लढलेला कॅप्टन. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर ते चालून गेले, तोफ डागली गेली, चार जण मेले. हे मोडून काढायला राज्याने जी फौज उभी केली तिचा पैसा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून घातला, कारण काँग्रेसकडे काहीच नव्हतं. सावकार आणि जमीनदार मंडळींच्या पोटात यामुळे गोळा आला, आणि फिलाडेल्फियाला कोण जाणार, कोणत्या मनःस्थितीत जाणार हे बऱ्याच अंशी तिथे ठरलं. गरीब कर्जदाराचं म्हणणं मांडणारं त्या सभागृहात जवळजवळ कुणीच नव्हतं, हे मला या प्रकरणात पहिल्यापासून खटकतं.

बैठक बोलावणंसुद्धा सरळ झालं नाही. १७८५ मध्ये व्हर्जिनिया आणि मेरीलँड पोटोमॅक नदीवरच्या वाहतुकीबद्दल बोलायला बसले, ते जमलं म्हणून सप्टेंबर १७८६ मध्ये अॅनापोलिसला सगळ्या राज्यांना व्यापारावर बोलायला बोलावलं, आले फक्त पाच राज्यांचे १२ जण. त्यांनी हात हलवत परत जाण्याऐवजी एक पत्रक काढलं, न्यूयॉर्कच्या हॅमिल्टनने लिहिलेलं, की पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियात या आणि विषय फक्त व्यापार नको, सगळी व्यवस्थाच बघू. २१ फेब्रुवारी १७८७ ला काँग्रेसने याला मान्यता दिली पण शब्द जपून वापरले, की फक्त आहे त्या करारनाम्यात दुरुस्त्या सुचवायच्या.

समोर कोणते पर्याय होते

१४ मे ला सुरू व्हायचं होतं, पुरेशी राज्यं २५ मे ला जमली. सगळे मिळून ५५ प्रतिनिधी येऊन गेले, १२ राज्यांचे, ऱ्होड आयलंडने कुणाला पाठवलंच नाही. जेफर्सन पॅरिसला, जॉन अॅडम्स लंडनला, दोघंही वकिलातीच्या कामावर, म्हणजे आपल्याला ही नावं आधी आठवतात पण ती तिथे नव्हती. वॉशिंग्टन सभेचे अध्यक्ष झाले. फ्रँकलिन ८१ वर्षांचे. आणि व्हर्जिनियाचा ३६ वर्षांचा जेम्स मॅडिसन समोरची जागा पकडून रोज टिपणं घेत बसायचा, आज आपल्याला त्या खोलीतलं जे कळतं त्यातलं बहुतेक त्याच्यामुळे. २९ मे ला ठरलं की आतलं बाहेर बोलायचं नाही.

पहिला पर्याय व्हर्जिनियाने २९ मे लाच टेबलावर ठेवला, रँडॉल्फने मांडला पण डोकं बरंचसं मॅडिसनचं. दोन सभागृहं, दोन्हींत जागा लोकसंख्येच्या किंवा वर्गणीच्या प्रमाणात, स्वतंत्र कार्यकारी प्रमुख, स्वतंत्र न्यायव्यवस्था, आणि राज्यांचे कायदे रद्द करायचा अधिकार केंद्राला. ही काही करारनाम्याची दुरुस्ती नव्हती, नवीन घर होतं.

दुसरा पर्याय १५ जूनला न्यू जर्सीच्या पॅटरसनने आणला. एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत तसंच ठेवायचं, फक्त काँग्रेसला जकात आणि व्यापाराचे अधिकार वाढवून द्यायचे. लोक याला छोट्या राज्यांचा हट्ट म्हणून सोडून देतात, पण पॅटरसनचा एक मुद्दा अगदी बरोबर होता की आपल्याला पाठवलंय दुरुस्ती करायला, नवीन सरकार उभारायचा अधिकार आपल्याला कुणी दिलाय? डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर राज्याची लेखी सूचना होती की एक राज्य एक मत याला हात लावायचा नाही. १९ जूनला हा पर्याय ७ विरुद्ध ३ ने पडला (या सभेतही मत प्रत्येक राज्याला एकच), मेरीलँडच्या प्रतिनिधींची मतं आपसात फुटली.

या दोन्हींच्या मागे एक प्रश्न होता आणि माझ्या मते घटनेतली सगळ्यात कल्पक गोष्ट त्याच्या उत्तरात आहे. राज्याने केंद्राचं ऐकलं नाही तर करायचं काय? व्हर्जिनियाच्या आराखड्यात बळाचा वापर सुचवलेला होता, म्हणजे न ऐकणाऱ्या राज्यावर फौज. मॅडिसनलाच ३१ मे ला ते पटेनासं झालं, कारण राज्यावर फौज पाठवणं म्हणजे शिक्षा कमी आणि युद्धच जास्त, गुन्हेगार आणि निरपराध सगळे एकत्र भरडले जाणार. मग विचार असा पुढे गेला की केंद्राने राज्याला हुकूम द्यायचाच नाही, केंद्राचा कायदा सरळ माणसाला लागू करायचा. जकात राज्याकडे मागायची नाही, बंदरावर आलेल्या व्यापाऱ्याकडून घ्यायची, नाही दिली तर त्या व्यापाऱ्यावर खटला, केंद्राच्या कोर्टात. एकाच जमिनीवर एकाच माणसावर दोन सरकारं, प्रत्येकाचा विषय वेगळा. आज आपल्याला इन्कम टॅक्स एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा यात नवल वाटत नाही, पण तेव्हा अशी रचना चालू असलेली दाखवायला कुठला देश नव्हता.

निर्णयाचा पहिला टप्पा : २ जुलैचं मत

जून संपत आला तरी जागावाटपावर गाडं हलेना. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने ११ जूनलाच मधला रस्ता सांगितला होता, खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, वरच्यात प्रत्येक राज्याला सारखं. तो ५ विरुद्ध ६ ने पडला. २९ जूनला खालचं सभागृह लोकसंख्येप्रमाणे हे ठरलं. ३० जूनला डेलावेअरचा बेडफर्ड इतका चिडला की म्हणाला, मोठ्या राज्यांनी फारच ताणलं तर छोट्या राज्यांना हात देणारा एखादा परदेशी मित्र मिळेल. त्याच दिवशी फ्रँकलिननी सुताराचं उदाहरण दिलं, की दोन फळ्यांच्या कडा जुळत नसतील तर सुतार दोन्हीकडून थोडं थोडं तासतो.

२ जुलैला वरच्या सभागृहात समान मत यावर मतदान झालं आणि ५-५ अशी बरोबरी झाली. ती कशी झाली हे बघण्यासारखं आहे. मेरीलँडचे त्या दिवशी दोनच सदस्य होते, ल्यूथर मार्टिन आणि जेनिफर, दोघांची मतं उलटी, म्हणजे मेरीलँडचं मत फुकट जायला हवं होतं. पण जेनिफर सकाळी वेळेवर आलाच नाही, मार्टिनने एकट्याने मेरीलँडचं ‘हो’ नोंदवलं, आणि मोजणी झाल्यावर जेनिफर येऊन बसला. जॉर्जियाची अवस्था उलटी. त्यांचे दोन सदस्य न्यूयॉर्कला काँग्रेसच्या कामाला गेलेले, उरलेल्या दोघांपैकी एकाने हो म्हटलं, एकाने नाही, म्हणून जॉर्जियाचं मत गेलं. ‘हो’ म्हणणारा अब्राहम बाल्डविन मूळचा कनेक्टिकटचा. तो नाही म्हणाला असता किंवा जेनिफर पंधरा मिनिटं आधी पोचला असता तर छोटी राज्यं त्या दिवशी हरली असती, आणि बेडफर्ड, पॅटरसन वगैरे मंडळी उठून गेली असती असं मला तरी वाटतं.

बरोबरी झाल्यावर त्यांनी परत मतदान न घेता प्रत्येक राज्याचा एक अशी अकरा जणांची कमिटी नेमली. मॅडिसन आणि पेनसिल्व्हेनियाचा विल्सन, प्रमाणशीर जागांचे दोन सगळ्यात कडक पुरस्कर्ते, कमिटी नेमायच्याच विरोधात होते आणि दोघांनाही त्यात घेतलं नाही. तिथे फ्रँकलिन होते, व्हर्जिनियाचे मेसन होते, मॅसॅच्युसेट्सचे गेरी अध्यक्ष. म्हणजे कमिटीत कोण हे ठरलं तेव्हाच निकाल बराचसा ठरला होता. ज्यांनी कधी सोसायटीत किंवा शाळेच्या व्यवस्थापनात अडलेला वाद मिटवायचा प्रयत्न केलाय त्यांना हे लगेच कळेल, सगळ्यात हुशार माणूस आणि तोडगा काढणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात.

१६ जुलैला पूर्ण तोडगा मताला आला आणि ५ विरुद्ध ४ ने पास झाला. कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलिना बाजूने. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया विरोधात. मॅसॅच्युसेट्स फुटलं, न्यूयॉर्कचे दोन सदस्य १० जुलैलाच निघून गेले होते, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचले नव्हते. रँडॉल्फ म्हणाला सभा तहकूब करू, तर पॅटरसनने उत्तर दिलं की खरंच, आता कायमचीच तहकूब करा, गुप्ततेचा नियम काढा आणि घरी जाऊन लोकांना विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांची मंडळी सभेआधी आपसात भेटली, पुढे काय यावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि त्यांनी विषय सोडून दिला. आजचं सिनेट, म्हणजे हे वरचं सभागृह, त्या एका मताचा निकाल.

त्याच १७ जुलैला मॅडिसनचा लाडका मुद्दा, राज्यांचे कायदे केंद्राने रद्द करायचे, तोही पडला. त्या जागी आलं ते वाक्य की घटना, तिला धरून केलेले कायदे आणि तह हा देशाचा सर्वोच्च कायदा, आणि राज्यांच्या न्यायाधीशांना तो बंधनकारक. याचं पहिलं रूप आणलं ल्यूथर मार्टिनने, जो मजबूत केंद्राचा कट्टर विरोधक होता! त्याला वाटलं यातून राज्यं वाचतील, पुढे कोर्टांनी त्याच वाक्यावर केंद्र उभं केलं.

इथे आपल्याकडचा एक संदर्भ द्यायला हवा. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेच्या संघराज्याशी बरीच सविस्तर तुलना केली आणि आपला संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही हे स्पष्ट केलं. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा दिसते तिचा धागा इथे जुळतो, आपल्याकडे वेगळं होऊ शकणारं डेलावेअर समोर बसलेलं नव्हतं.

निर्णयाचा दुसरा टप्पा : माणसं मोजायची कशी

लोकसंख्येप्रमाणे जागा हे ठरलं की लगेच पुढचा प्रश्न, गुलाम मोजायचे का? दक्षिणेची राज्यं म्हणत होती मोजा, आणि तीच राज्यं त्या माणसांना मालमत्ता म्हणून विकत होती. पॅटरसनने ९ जुलैला सरळ विचारलं की राज्याच्या आत मतं ठरवताना व्हर्जिनिया गुलाम मोजतं का? नाही ना, मग इथे कशाला? १२ जुलैला नॉर्थ कॅरोलिनाच्या डेव्हीने सांगितलं की किमान तीन पंचमांश मोजणार नसाल तर आम्ही नाही, आणि तसंच ठरलं. १०० गुलाम म्हणजे ६० माणसं. हा आकडा काही तत्त्वातून आला नव्हता, १७८३ मध्ये राज्यांची वर्गणी ठरवायला काँग्रेसने तो सुचवला होता, तोच उचलला.

याला विरोध झाला नव्हता असं नाही. ८ ऑगस्टला पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नावच) गुलामगिरीवर त्या सभागृहातलं सगळ्यात जळजळीत भाषण केलं आणि ठराव मांडला की ‘रहिवासी’च्या आधी ‘स्वतंत्र’ हा शब्द घाला, म्हणजे गुलाम मोजायचेच नाहीत. मतदान झालं. बाजूने फक्त न्यू जर्सी.

ऑगस्टच्या शेवटी गुलामांच्या आयातीचा सौदा झाला. कमिटीने म्हटलं होतं १८०० पर्यंत आयात बंद करायची नाही, २५ ऑगस्टला साउथ कॅरोलिनाच्या पिंकनीने ते १८०८ केलं. मॅडिसन बोलला की वीस वर्षांत जेवढं नुकसान व्हायचं तेवढं होऊन जाईल. ठराव ७ विरुद्ध ४ ने पास, आणि बाजूने मत देणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि न्यू हॅम्पशायर होते. त्यांना जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमताने हवे होते, दक्षिणेला त्यासाठी दोन तृतीयांशाची अट हवी होती, ती दक्षिणेने सोडली आणि वर पळून गेलेले गुलाम परत करायचं कलम मिळवलं. तयार मसुद्यात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही, ‘इतर व्यक्ती’ असं लिहिलंय. लिहिणाऱ्यांना लाज वाटत होती एवढं त्यातून कळतं, पण शब्द गाळल्याने एकाही माणसाची बेडी सुटली नाही.

शेवटी काय केलं

सप्टेंबरमध्ये सगळे थकले होते. राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा यावर महिनोन्‌महिने उलटसुलट ठराव झाले आणि शेवटी निर्वाचक मंडळ नावाची तडजोड निघाली, प्रत्येक राज्याचे निर्वाचक त्याच्या दोन्ही सभागृहांतल्या जागांच्या बेरजेइतके, म्हणजे तीन पंचमांशचा हिशेब तिथेही गेला. १२ सप्टेंबरला मॉरिसने शब्द बसवलेला मसुदा आला. आधीच्या मसुद्यात सुरुवातीला तेरा राज्यांची नावं ओळीने होती, ती जाऊन ‘आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक’ आलं. यात एक व्यवहारी कारणही होतं, कोणती राज्यं येणार हे माहीतच नव्हतं.

कारण एव्हाना त्यांनी सगळ्यात धाडसी गोष्ट ठरवली होती. ३१ ऑगस्टला ठरलं की ९ राज्यं तयार झाली की त्या नवांपुरती घटना लागू. तेराची अट सरळ बाजूला. आणि मंजुरी विधिमंडळांनी द्यायची नाही, लोकांनी त्यासाठी वेगळ्या निवडलेल्या परिषदांनी द्यायची, कारण विधिमंडळाने दिलेली मंजुरी पुढचं विधिमंडळ काढून घेऊ शकतं. जुन्या करारनाम्याप्रमाणे हे बेकायदेशीर होतं यात मला शंका नाही. पण तेराची अट पाळून तेराची अट काढता येत नाही, ऱ्होड आयलंड तर आलंच नव्हतं.

१७ सप्टेंबर, शेवटचा दिवस. मसुदा स्वच्छ लिहून तयार, सह्या बाकी. तेवढ्यात मॅसॅच्युसेट्सच्या गोरमने म्हटलं की ४०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी हे फार होतं, ३०,००० करा. वॉशिंग्टन उठले. चार महिन्यांत विषयावर ते बोललेले हे एवढंच. म्हणाले अध्यक्षाने बोलू नये हे मला कळतं, पण प्रतिनिधी इतके थोडे असणं ही लोकांच्या हक्कांच्या दृष्टीने कमतरता आहे असं मला वाटत आलंय. एकानेही विरोध केला नाही, आकडा बदलला. मग ३९ सह्या झाल्या. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी तिघं हजर असूनही सही न करता बसून राहिले.

निकाल

डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला सगळ्यात आधी आणि एकमताने मंजुरी दिली, सिनेटमधली समान जागा मिळाल्यावर त्यांना अडवायला काही उरलंच नव्हतं. खरी कसोटी मॅसॅच्युसेट्सला होती, जिथे शेजच्या भागातले प्रतिनिधी विरोधात आले होते. तिथे मार्ग असा निघाला की घटना आहे तशी मंजूर करायची पण सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडायची. ६ फेब्रुवारी १७८८ ला १८७ विरुद्ध १६८. हीच पद्धत पुढे बऱ्याच राज्यांनी उचलली. २१ जूनला न्यू हॅम्पशायर नववं झालं, चार दिवसांनी व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, २६ जुलैला न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंडने मार्च १७८८ मध्ये थेट लोकांचं मत घेतलं, समर्थकांनी बहिष्कार घातला, सुमारे २,७०० लोक विरोधात गेले. वॉशिंग्टननी ३० एप्रिल १७८९ ला शपथ घेतली तेव्हा ते राज्य देशाबाहेर होतं. मे १७९० मध्ये सिनेटने त्यांच्याशी व्यापार बंद करायचं विधेयक पास केलं आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तेही आलं, ३४ विरुद्ध ३२. आधीच्या व्यवस्थेत एका नकाराने ते सगळ्यांना थांबवू शकत होतं, नवीन व्यवस्थेत त्याच्या नकाराची किंमत त्याला स्वतःला द्यावी लागली.

दहा दुरुस्त्या, म्हणजे हक्कांची सनद, १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या. केंद्राला जकात मिळाली, कर्ज फिटायला लागलं. ज्या कामासाठी बसले होते ते काम झालं.

वेगळं काय करता आलं असतं

हक्कांचं बघा. १२ सप्टेंबरला मेसन म्हणाला हक्कांची सनद जोडू, राज्यांच्या सनदा समोर आहेत, काही तासांत लिहून होईल. एकाही राज्याने हो म्हटलं नाही. घरी जायची घाई होती, आणि राज्यांच्या सनदा आहेतच असा युक्तिवाद होता. त्या काही तासांच्या बदल्यात पुढचे दहा महिने प्रत्येक राज्यात याच मुद्द्यावर जीव काढावा लागला. ही चूक मला सगळ्यात टाळता येण्यासारखी वाटते.

गुप्ततेबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार केलाय. दारं उघडी असती तर १६ जुलै झाला नसता, लोकांना मत बदलायची मोकळीक मिळाली ती बंद खोलीमुळे. पण मंजुरी मागताना तरी आतलं सांगायला हवं होतं. मॅडिसनची टिपणं छापली गेली १८४० मध्ये, तो १८३६ मध्ये वारल्यावर. मंजुरीला मत देणाऱ्यांतले बहुतेक तोवर हयात नव्हते. आपल्या संविधान सभेच्या चर्चा लोक गॅलरीत बसून ऐकत होते आणि तरी तडजोडी झाल्या.

सिनेटचं कुलूप. १५ सप्टेंबरला, म्हणजे अगदी शेवटी, शर्मनच्या आग्रहामुळे दुरुस्तीच्या कलमात घातलं गेलं की कुठल्याही राज्याची सिनेटमधली समान जागा त्याच्या संमतीशिवाय काढता येणार नाही. जे लोक तेराच्या अटीने हैराण झाले होते त्यांनीच या एका विषयापुरती ती परत आणली. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया साडेसात लाखांच्या आसपास आणि डेलावेअर साठ हजारांच्या आत, म्हणजे बारा-तेरा पट. २०२० मध्ये कॅलिफोर्निया ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंग ५ लाख ७७ हजार, अडुसष्ट पट, आणि सिनेटर दोघांचे दोन-दोन. ‘पन्नास वर्षांनी फेरविचार’ एवढं जरी लिहिलं असतं तरी पुढच्यांना दार उघडं राहिलं असतं.

आणि गुलामगिरी. वर्गात मुलं विचारतात की जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना निघून गेले असते तर जाऊ द्यायचं ना, ९ राज्यं पुरत होती. मला या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देता येत नाही. पण त्यांची धमकी कुणी पारखून बघितली नाही हे मात्र मॅडिसनच्या टिपणांतून दिसतं. छोट्या राज्यांच्या धमकीसमोर मोठी राज्यं सात आठवडे उभी राहिली, १६ जुलैपर्यंत. दक्षिणेच्या धमकीसमोर, मॉरिसच्या ठरावाच्या वेळी, न्यू जर्सी सोडून कुणी उभं राहिलं नाही. तीन पंचमांशाने व्हर्जिनियाला जादा प्रतिनिधी आणि जादा निर्वाचक मिळाले, आणि १७८९ ते १८२५ या ३६ वर्षांतली ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, चारही जण गुलामांचे मालक. आयात १८०८ ला बंद झाली पण तोवर जहाजं येत राहिली, आणि त्यानंतर आतल्या आत विक्री वाढली. १७९० मध्ये गुलाम म्हणून नोंदलेली माणसं सुमारे ७ लाख होती. १८६० च्या जनगणनेत साडेएकोणचाळीस लाख. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं, आणि ‘इतर व्यक्तीं’चे तीन पंचमांश मोजायचं ते कलम १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीने गेलं.